एका डॉलरची गाडी, हजार किलोमीटरचा किनारा

वाचकाचे पत्र

आम्ही दोघे दोन वर्षांपासून सिडनीत, वेस्टमीडला राहतो. दोघेही रेल्वेने कामाला जातो, त्यामुळे स्वतःची गाडी घेतलेली नाही. ऑक्टोबरमध्ये माझे सासू-सासरे कराडहून दोन महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण समुद्र पाहण्याची हौस दोघांनाही आहे. सिडनीहून मेलबर्नला गाडी पोहोचवून देण्याच्या बोलीवर चार जणांची कॅम्परव्हॅन (आत झोपण्याची सोय असलेली गाडी) दिवसाला एक डॉलर भाड्याने तीन दिवसांसाठी मिळते, असे आम्ही पाहिले. हे खरे असते का? किनाऱ्याच्या रस्त्याने तीन दिवसांत पोहोचता येईल का? खर्च किती धरावा? माझ्याकडे इथला परवाना आहे, माझ्या नवऱ्याकडे अजून भारतातलाच आहे, आणि सासरे म्हणतात, "थोडी मीही चालवीन." मेलबर्नला नणंद असते, तिच्याकडे चार दिवस राहून आम्ही परतणार आहोत.

— एक सूनबाई, सिडनी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

हे खरे असते, आणि त्यात कोणी कोणावर उपकार करत नसते. भाड्याच्या गाड्या देणाऱ्या कंपन्यांचे प्रवासी एका शहरात गाडी घेतात आणि दुसऱ्या शहरात सोडतात. हा ओघ दोन्ही दिशांनी सारखा नसल्यामुळे एका डेपोत गाड्या साचतात आणि दुसरीकडे कमी पडतात. न्यूझीलंडमध्ये हे फार स्पष्ट दिसते. तिथे ऑकलंडला उतरून दक्षिणेकडे जाणारे आणि क्राइस्टचर्चला गाडी सोडून विमानाने परतणारे पुष्कळ, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेला न्यायच्या गाड्यांच्या जाहिराती सतत लागलेल्या असतात. रिकामी गाडी ट्रकवर लादून किंवा पगारी चालक पाठवून परत आणायची तर कंपनीला शेकडो डॉलर मोजावे लागतात. त्यापेक्षा तुमच्यासारख्या कोणाला ती जवळजवळ फुकट दिलेली परवडते. इमूवा आणि ट्रान्सफरकार ही अशा गाड्या शोधण्याची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली परिचित संकेतस्थळे आहेत. फसवणुकीची शंका तेव्हाच घ्यावी, जेव्हा कोणी व्यक्ती स्वतःच्या बँक खात्यात अनामत भरायला सांगते.

मात्र या व्यवहारात तुमची जागा पाहुण्याची नसून गाडी पोहोचवणाऱ्याची आहे, हे करारावर सही करण्यापूर्वी चौघांनीही मनाशी पक्के केले पाहिजे. दिवस कंपनीने ठरवलेले, किलोमीटर कंपनीने मोजलेले, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे मेलबर्नच्या डेपोचे दार बंद होण्याची वेळ. सहल म्हणून जे हाती लागते ते या कामाची मजुरी समजावे. मजुरी चांगली आहे, पण काम आधी. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीतून निघतो, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची बाब जाहिरातीत लहान अक्षरांत असते.

ती बाब म्हणजे किलोमीटरांची मर्यादा. सिडनी ते मेलबर्न हा सरळ रस्ता म्हणजे ह्यूम महामार्ग. तो आतल्या भागातून, गौल्बर्न आणि ऑल्बरीवरून जातो आणि साधारण ८८० किलोमीटरांचा आहे. एका दमात नऊ-दहा तासांत तो पार करणारे लोक आहेत, आणि कंपनी दिवस व किलोमीटर ठरवताना बहुधा हाच रस्ता धरून वर थोडी सवलत देते. तुम्हाला हवा असलेला प्रिन्सेस महामार्ग किनाऱ्याच्या बाजूने जातो आणि तो एक हजार चाळीसच्या आसपास भरतो. त्यातही एक गोम आहे. मुंबई-गोवा महामार्गाला आपण कोकणचा रस्ता म्हणतो, पण पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत गाडीच्या काचेतून समुद्र म्हणून दिसत नाही. तो पाहायचा तर गुहागरला किंवा गणपतीपुळ्याला जाण्यासाठी फाट्यावर वळावे लागते. प्रिन्सेस महामार्गाचेही बव्हंशी तसेच आहे. तो निलगिरीच्या रानांतून आणि गाईंच्या कुरणांतून जातो, आणि समुद्राचे प्रत्येक दर्शन म्हणजे डावीकडचा एक फाटा, जाऊन-येऊन दहा-वीस किलोमीटर. म्हणून तुमचा प्रवास अकराशे ते साडेअकराशे किलोमीटरांचा होईल असे धरा, आणि गाडी नोंदवण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा: मर्यादा किती किलोमीटरांची आहे, वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती आकार पडेल, आणि जादा दिवस विकत मिळेल का व कितीला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मिळणार नाही' असे आले, तर ही गाडी सोडून द्यावी आणि दुसरीची वाट पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरुण जोडप्याला तीन दिवस पुरतात. गुडघेदुखी आणि मधुमेह असलेल्या पाहुण्यांसह ते पुरत नाहीत.

दिवस कसे मोजतात, हेही विचारून घ्या. काही कंपन्या चोवीस तासांचा एक दिवस धरतात, तर काही तारखेप्रमाणे मोजतात. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही दुपारी तीन वाजता गाडी घेतली तरी एक अख्खा दिवस खर्ची पडतो. अशा वेळी डेपो उघडताच सकाळी गाडी ताब्यात घेणे हाच उपाय. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी डेपो बंद असू शकतो. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते आणि त्याच सुमारास शाळांनाही सुट्ट्या असतात, तेव्हा किनाऱ्यावरची राहण्याची ठिकाणे भरून गेलेली आणि महागलेली असतात. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातले सोमवार ते गुरुवार तुम्हाला सोयीचे जातील. अशा गाड्या साधारणपणे निघण्याच्या थोडे दिवस आधीच जाहीर होतात, म्हणून परतीची विमानाची तिकिटे गाडी पक्की झाल्याशिवाय काढू नका, आणि सासू-सासऱ्यांना कराडलाच 'अमुक तारखेला निघायचे' असे सांगून ठेवू नका.

आता वाहनाबद्दल. कॅम्परव्हॅनचा मोह मला समजतो. घर सोबत घेऊन फिरण्याची कल्पना कोणालाही आवडते. पण गाडी चालू असताना मागच्या पलंगावर आडवे होणे कायद्याने चालत नाही. प्रत्येकाने पट्टा लावून आसनावरच बसले पाहिजे, आणि अशा वाहनांतील मागची आसने बहुधा ताठ पाठीची, लहान खिडकीची असतात. चढायची पायरी उंच असते. पुष्कळ कॅम्परव्हॅनमध्ये शौचालय नसते, आणि मधुमेह असलेल्या माणसाला रात्री दोनदा उठून थंडीत शंभर पावले चालायला लावणे योग्य नाही. शिवाय समुद्रकाठच्या वाहनतळावर रात्री गाडी लावून झोपण्याला बहुतेक ठिकाणी स्थानिक नगरपालिकेची बंदी आहे आणि दंड होतो, म्हणजे जागेचे पैसे भरून कॅरव्हॅन पार्कमध्येच जावे लागते. तेव्हा त्याच संकेतस्थळांवर साधी मोटार किंवा मोठी एसयूव्ही शोधा. तीही याच अटींवर मिळते. रात्री कॅरव्हॅन पार्कमधली केबिन घ्या. केबिन म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दोन खोल्या असलेले छोटे घर. चार माणसांत तिचे भाडे मोटेलच्या दोन खोल्यांपेक्षा बहुधा कमी पडते. इंधनाचाही फरक मोठा आहे. चार जणांची कॅम्परव्हॅन शंभर किलोमीटरांना तेरा लिटरच्या आसपास डिझेल पिते, तर मोटार आठ लिटर पेट्रोलमध्ये भागवते; अकराशे किलोमीटरांवर हा फरक पंचावन्न लिटरांचा होतो.

परवान्याबाबत तुमच्या नवऱ्याला थोडे कडक सांगावे लागेल. १ जुलै २०२३ पासून न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही इथे राहू लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत इथला परवाना घेणे आवश्यक झाले आहे. दोन वर्षे इथे राहून भारतातल्या परवान्यावर गाडी चालवली आणि कुठे ठोकर लागली, तर दंडापेक्षा मोठे संकट म्हणजे विम्याचे संरक्षण हातचे जाऊ शकते. त्यांनी ऑक्टोबरपूर्वी परवाना काढावा. नाहीतर सगळा रस्ता तुम्हालाच चालवावा लागेल, आणि तसे असेल तर जादा दिवस ही चैन राहत नाही, गरज होते. सासऱ्यांचे निराळे आहे. ते पाहुणे आहेत, त्यांचा परवाना इंग्रजीत असेल आणि मुदतीत असेल तर पाहुणा म्हणून त्यांना गाडी चालवता येते, आणि इथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात. पण करारात ज्याचे नाव नोंदवलेले आहे त्यानेच चाक हातात घ्यायचे, हा नियम कोणतीही कंपनी सोडत नाही. गोल चौकात आधीच शिरलेल्या वाहनाला वाट द्यायची, ताशी ११० किलोमीटरांच्या रस्त्यावर मार्गिका धरून राहायचे आणि शाळेच्या हद्दीत ठरलेल्या वेळांत ४० वर यायचे, हे सगळे पहिल्याच दिवशी, हजारो डॉलरांची अनामत टांगलेल्या गाडीत शिकणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. "बाबा, तुम्ही नकाशा बघा," असे सांगून पाहा. माझ्या वडिलांच्या बाबतीत हा उपाय लागू पडला होता; मात्र नंतर ते प्रत्येक वळणाला सूचना देऊ लागले, एवढी पूर्वकल्पना देऊन ठेवतो.

अनामत रक्कम हा या व्यवहारातला खरा आकडा आहे. भाडे एक डॉलर असले तरी नुकसान झाल्यास तुमच्यावर येणारी जबाबदारी काही हजार डॉलरांची असते. मोठ्या वाहनांना ती पाच ते आठ हजारांपर्यंत जाते, आणि तेवढी रक्कम तुमच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाऊ शकते. दररोज काही डॉलर जास्त भरून ही जबाबदारी कमी करून घेता येते, आणि तुमच्या परिस्थितीत मी ते पैसे भरीन. तरीही कराराची कलमे वाचा: कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान, गाडीचे छत आणि खालची बाजू, काच व टायर, चुकीचे इंधन भरणे, या गोष्टी पुष्कळदा संरक्षणाबाहेर ठेवलेल्या असतात. काही कंपन्या शहराबाहेर रात्री गाडी चालवण्यासही मनाई करतात. त्यामागचे कारण कांगारू आणि वॉम्बॅट. ते पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, आणि तुमच्या मार्गाच्या दक्षिण भागात ते पुष्कळ आहेत. नियम असो वा नसो, सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे हा तुमचा स्वतःचा नियम असू द्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे संध्याकाळी सातच्या सुमारापर्यंत उजेड असतो.

गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटे मोबाइलवर चित्रीकरण करा: चारही बाजू, छत, समोरची काच, चारही चाके, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. अनेक वर्षांपूर्वी मी अशीच एक गाडी घेऊन निघालो होतो. समोरच्या काचेवर तीळभर खळगा आधीपासून होता, पण माझ्याकडे त्याचे छायाचित्र नव्हते आणि डेपोतल्या कागदावर त्याची नोंद नव्हती. एक डॉलर रोजाच्या त्या गाडीची काच मला दोनशेहून अधिक डॉलरांना पडली. तेव्हापासून मी लग्नाच्या चित्रीकरणापेक्षा जास्त बारकाईने भाड्याच्या गाडीचे चित्रीकरण करतो.

आता रस्ता. कंपनीकडून तीन दिवस मिळाले आणि एक विकत घेतला, म्हणजे एकूण चार दिवस, असे धरून लिहितो.

पहिल्या दिवशी सिडनीतून दक्षिणेकडे निघाल्यावर महामार्गाने थेट वुलनगाँगला न जाता स्टॅनवेल टॉप्सजवळ डावीकडे उतरा. बॉल्ड हिल नावाच्या टेकडीवरून सगळा किनारा एका नजरेत येतो, आणि तिथे गाडी अगदी कडेपर्यंत जात असल्यामुळे सासूबाईंना चालावे लागणार नाही. याच टेकडीच्या पायथ्याशी, स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर, १८९४ साली उड्डाणाचे प्रयोग करणाऱ्या लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी पेटीच्या आकाराच्या चार पतंगांच्या बळावर स्वतःला जमिनीवरून उचलले होते; पुढचा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. त्या रस्त्यावर सी क्लिफ ब्रिज लागतो. कड्यावरून दरडी कोसळून जुना रस्ता बंद करावा लागला, तेव्हा डोंगराला चिकटून राहण्याऐवजी रस्ताच समुद्रावर बाहेर काढला. ६६५ मीटरांचा हा पूल २००५ च्या डिसेंबरात खुला झाला. घाटातल्या दरडींची बातमी दर पावसाळ्यात वाचणाऱ्या कराडकरांना या पुलाची युक्ती पटकन कळेल. त्यापुढे कायामा. तिथे खडकातल्या विवरातून समुद्राचे पाणी उसळते, पण ते आग्नेयेकडून लाटा येत असतील तरच. समुद्र शांत असला तर दहा मिनिटांत पुढे निघावे. पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध असलेला हायम्स बीच जर्व्हिस बेला आहे, त्यासाठी महामार्ग सोडून आत जावे लागते. गाडी लावायला जागा फार थोडी असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे जाण्यात अर्थ नाही. मधल्या वारी जरूर जा. मुक्काम बेटमन्स बेला, सिडनीपासून सुमारे २८० किलोमीटरांवर.

दुसरा दिवस या प्रवासाचा गाभा आहे, आणि त्या दिवशी मुद्दाम कमी अंतर ठेवा. नरूमा सत्तर किलोमीटरांवर आहे. तिथे खाडीच्या कडेने लाकडी फळ्यांची सपाट पायवाट आहे. तिच्यावरून हळूहळू चालत जाताना खालच्या स्वच्छ पाण्यात पाकट मासे फिरताना दिसतात, आणि बंधाऱ्याच्या टोकाशी खडकांवर सील पहुडलेले असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी संपूर्ण मार्गावर इतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही, म्हणून इथे दोन तास द्या. पुढे महामार्गाने बेगाकडे न जाता बर्मागुई ते टाथ्रा हा किनाऱ्याचा रस्ता धरा. अंतर फारसे वाढत नाही आणि खाड्या, सरोवरे व समुद्र यांचे दर्शन होत राहते. बर्मागुईला वळण्यापूर्वी टिल्बा हे जुन्या लाकडी घरांचे गाव लागते, तिथले चीज आणि दूध चांगले आहे. रात्री ईडनला राहा. ऑक्टोबरमध्ये देवमासे आपल्या पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या दिशेने परतत असतात आणि ईडनच्या उपसागरात ते किनाऱ्याजवळ येतात. उंच जागेवरच्या बाकावर बसूनही त्यांच्या श्वासाचे फवारे दिसू शकतात. या गावातला जुना देवमासा शिकारीचा धंदा विलक्षण होता: ऑर्का हे डॉल्फिनच्या कुळातले प्राणी मोठ्या देवमाशांना उपसागरात हाकून आणत आणि शिकारी त्यांना मोबदल्यात शिकारीचा ठरलेला वाटा देत. त्यांतला ओल्ड टॉम नावाचा ऑर्का १९३० साली मेला. त्याचा सांगाडा गावातल्या संग्रहालयात आहे. तुमच्या सासऱ्यांना गोष्टी ऐकायची आवड असेल, तर हे संग्रहालय चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी ईडनहून लेक्स एन्ट्रन्स, साधारण २४५ किलोमीटर. हा सगळा रस्ता घनदाट रानातून जातो, मध्ये वस्ती विरळ आहे आणि मोबाइलचे जाळे ठिकठिकाणी तुटते. ईडनलाच टाकी भरून घ्या, औषधे आणि खाणे हाताशी ठेवा, आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. लाकडाचे ट्रक मागे लागले तर घाबरून वेग वाढवू नका. ओलांडून जाण्यासाठी ठरावीक अंतरावर जादा मार्गिका आहेत, तिथे त्यांना पुढे जाऊ द्या. जेनोआहून मालाकूटाला जाणारा फाटा सुंदर आहे, पण जायचे तेवीस आणि यायचे तेवीस किलोमीटर. तुमच्या मर्यादेत बसत असेल तरच वळा. लेक्स एन्ट्रन्सला पोहोचण्यापूर्वी... नव्हे, गाव ओलांडून मेलबर्नच्या बाजूला चढ लागतो तिथे जेमीज पॉइंट ही जागा आहे. सरोवरे, वाळूची पट्टी आणि तिच्यापलीकडचा समुद्र तिथून एकत्र दिसतात. चौथ्या दिवशी उरलेल्या ३२० किलोमीटरांत पाहण्यासारखे थोडे आहे. सकाळी आठला निघा आणि दुपारी दोनपर्यंत डेपोवर पोहोचायचे ठरवा, म्हणजे मेलबर्नच्या गर्दीत अडकलात तरी हाती वेळ राहील.

खाण्याची व्यवस्था ही या सहलीतली सर्वांत मोठी बचत आहे. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घ्या. केबिनमध्ये संध्याकाळी मुगाची खिचडी होते. ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ प्रत्येक गावच्या बागेत सार्वजनिक विजेच्या शेगड्या असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. त्यांच्यावर दुपारी थालीपीठ उत्तम होते. मात्र त्याच पत्र्यावर इतरांनी मांस भाजलेले असते, म्हणून सासू-सासरे शाकाहारी असतील तर जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर थालीपीठ लावावे. सासरे इन्सुलिन घेत असतील तर एस्कीत, म्हणजे इथल्या थंड पेटीत, ते बर्फाला थेट लागणार नाही असे गुंडाळून ठेवा. दर दोन तासांनी थांबण्याचा नियम इथे सगळ्याच चालकांना सांगितला जातो; तुमच्याकडे तो जेवणाच्या वेळा सांभाळण्यासाठीही उपयोगी पडेल.

खर्चाचा हिशेब मी अंदाजाने मांडतो. आकडे तुम्ही तुमच्या करारावरून बदलून घ्या. तीन दिवसांचे भाडे तीन डॉलर, जादा दिवस समजा ७५, जबाबदारी कमी करून घेण्याचे रोज ३५ प्रमाणे १४०, पेट्रोल दोन डॉलर लिटर धरून १७६, मर्यादेबाहेरचे शंभर किलोमीटर ३०, रस्त्याचे टोल २०. म्हणजे गाडीचे एकूण ४४४ डॉलर. केबिनच्या तीन रात्री १८० प्रमाणे ५४०. मेलबर्नहून चौघांचे विमान, आधी काढले तर माणशी ९० धरून ३६०. बेरीज १,३४४ डॉलर, आणि त्यात एक डॉलरवाले भाडे फक्त तीन डॉलरांचे आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. तरीही व्यवहार फायद्याचा आहे, कारण नेहमीच्या दराने गाडी घेतली असती तर चार दिवसांच्या भाड्यावर दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा वेगळा आकारही पडला असता. काही कंपन्या एक टाकी इंधनही देतात, पण पावती दाखवल्यावरच. म्हणून प्रत्येक पावती जपा. परतीला रेल्वेही आहे, पण ती अकरा तास घेते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी विमानच बरे.

टोलबद्दल एक सूचना. सिडनी आणि मेलबर्न दोन्हीकडे टोलनाके नाहीत. वरचा कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि पैसे आधी किंवा लगेच नंतर ऑनलाइन भरले नाहीत तर बिल कंपनीकडे जाते, आणि कंपनी प्रत्येक बिलावर स्वतःचा हाताळणी आकार लावते. तुमचा डेपो मेलबर्नच्या विमानतळाजवळ असेल, तर शहर ओलांडताना सिटीलिंक या रस्त्याचा टोल लागण्याची शक्यता मोठी आहे. गाडीचा क्रमांक हाती येताच टोलचा पास मोबाइलवर काढून ठेवा. डेपोच्या आधीच्या शेवटच्या पंपावर टाकी पूर्ण भरा, गाडी झाडून घ्या, आणि परत देताना पुन्हा तेच चित्रीकरण करून कर्मचाऱ्याकडून 'नुकसान नाही' असे लेखी घ्या. अनामत कार्डावर मोकळी व्हायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा त्याच कार्डावर नणंदेसाठी मोठी खरेदी करू नका.

तुम्ही विचारली नसलेली एक गोष्ट राहिली. काही जण तुम्हाला मेलबर्नहून सिडनीला येणारी गाडी घ्या असे सुचवतील, कारण ती कधीकधी लवकर मिळते. थोडे थांबून दक्षिणेकडे जाणारीच घ्या. इथे वाहने डावीकडून चालतात आणि सिडनीहून निघालेल्याच्या डाव्या हाताला समुद्र असतो, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर समोरची वाहतूक न ओलांडता वळता येते, आणि चालकाशेजारच्या आसनावर बसणाऱ्याला समुद्र आपल्या खिडकीतून दिसतो. ते आसन कोणाचे, यावरून कराडच्या दोन पाहुण्यांत वाद होईल. ईडनपर्यंत सासूबाई आणि पुढच्या रानात सासरे, असे निघण्यापूर्वीच ठरवून टाका.